पठणाबरोबर तरबियतही हवी

संपादक महोदय,

माहीममधील एका मकतबात (मुलांच्या कुराण-शाळेत) कुराणाची ४९वी सूरह (अध्याय) अतिशय शुद्ध उच्चारांत म्हणणारा मुलगा बाहेर पडताच आपल्या तोतऱ्या सोबत्याला टोपणनावाने चिडवताना मी पाहिला. कोणाची थट्टा करू नका, कोणाला अपमानकारक नावे ठेवू नका, असे त्याच सूरहच्या ११व्या आयतीत (वचनात) सांगितले आहे, हे त्याला कोणी समजावलेच नव्हते. तिथे शिकवणाऱ्या उस्तादांच्या मेहनतीविषयी मला आदर आहे. परंतु कुराणाचे किती पारे (भाग) पूर्ण झाले एवढेच विचारणाऱ्या आम्हा पालकांचा आणि जमातीचा (स्थानिक मुस्लिम समाजाचा) यात मोठा दोष आहे.

इस्लामी परंपरेत ज्ञान देण्याला तालीम आणि माणूस घडवण्याला तरबियत म्हणतात. थोर धर्मपंडित इमाम मालिक लहानपणी शिकायला निघाले तेव्हा ‘गुरूंकडून इल्मच्या (ज्ञानाच्या) आधी अदब (शिष्टाचार) शीक’ असे त्यांच्या आईने सांगितल्याची कथा प्रसिद्ध आहे. ११११ साली निवर्तलेल्या विचारवंत इमाम गझालींनी तर स्वभाव सवयीने बदलतो आणि कंजूष माणूस देत राहिला तर हळूहळू उदार होतो, असे सविस्तर मांडले आहे.

आमच्या गावातील उस्तादांना ही रीत ठाऊक असावी. ८३वी सूरह मापात पाप करणाऱ्यांच्या निषेधाने सुरू होते. लहानपणी माझी ती पाठ झाली त्या दिवशी त्यांनी मला, ‘अब्बांच्या तराजूची रिकामी पारडी सारखी राहतात का, ते पाहून ये’ असे सांगितले. मालाच्या पारड्याखाली गूळ चिकटलेला निघाला, म्हणजे गिऱ्हाइकाला तेवढे कमी जात होते. अब्बांनी तो माझ्यासमोर खरवडून काढला. त्या सूरहचा अर्थ मला नंतर कधी विचारावा लागला नाही.

ज्यांचा दर्गा माहीमला आहे, त्या मखदूम अली माहिमी यांनी कुराणाचा अर्थ उलगडण्यासाठी अरबीत भाष्य लिहिले. त्यांच्याच वस्तीत मुलांनी अर्थाविना वाचावे याची खंत वाटते. कुराणाचे मराठी अनुवाद उपलब्ध आहेत. मराठी माध्यमात शिकणाऱ्या आमच्या मुलांसाठी मकतबांनी आठवड्यातला एक दिवस राखून एकाच आयतीचा अर्थ मराठीत सांगावा, त्यावर घरी किंवा मोहल्ल्यात करण्याजोगे एखादे काम द्यावे आणि पुढच्या आठवड्यात त्याची विचारपूस करावी, अशी मशिदींच्या विश्वस्तांना विनंती आहे.

– एक निवृत्त शिक्षक, माहीम, मुंबई