ग्रंथालयातले कार्यक्रम ग्रंथांपासून सुरू व्हावेत

संपादक महोदय,

पणजीत पाटो येथे असलेले कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ साली पोर्तुगीज राजवटीत ‘पुब्लिका लिव्रारिया’ या नावाने सुरू झाले. देशातील सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत त्याची गणना होते आणि २०३२ मध्ये त्याला २०० वर्षे पूर्ण होतील. त्याआधी आणखी एक निमित्त आहे. ज्यांचे नाव या ग्रंथालयाला दिले आहे, त्या केळशीच्या कृष्णदास शामांनी ‘श्रीकृष्णचरित्रकथा’ १५२६ साली रचायला घेतली, म्हणजे २०२६ हे तिचे ५०० वे वर्ष. या दोन्ही निमित्तांनी कार्यक्रम होतीलच. ते कसे व्हावेत, याविषयी एक सूचना करावीशी वाटते.

आपल्याकडील साहित्यिक कार्यक्रमांचा साचा ठरलेला आहे. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रकाशन, अध्यक्षीय भाषण आणि शेवटी चहा. असा कार्यक्रम कोणत्याही सभागृहात होऊ शकतो, आणि नेमके म्हणूनच ग्रंथालयाने त्यावर समाधान मानू नये. ज्या विषयावर व्याख्यान असेल, त्या विषयाची संग्रहातील जुनी पुस्तके, नियतकालिके आणि कागदपत्रे त्या दिवशी सभागृहाबाहेर काचेच्या पेटीत मांडावीत आणि ती काय आहेत हे सांगायला ग्रंथालयातीलच जाणकार व्यक्ती शेजारी उभी असावी. वक्त्याइतकाच मान तिला मिळाला, तर फारच उत्तम.

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’चेच घ्या. त्यातल्या मराठीच्या स्तुतीच्या ओव्या भाषणांतून हमखास ऐकू येतात. परंतु ओवीबद्ध मराठीतला हा ग्रंथ १६१६ मध्ये रोमन लिपीत छापला गेला आणि त्या आवृत्तीची, तसेच १६४९ व १६५४ च्या आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही, हे टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असते? आज आपण तो वाचू शकतो तो मागे राहिलेल्या हस्तलिखितांमुळे. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये ज्या गोव्यात आला, तिथेच छापलेले पुस्तक असे नाहीसे व्हावे, हा व्याख्यानाचा विषय आहेच. शिवाय ‘क्रिस्तपुराणा’च्या नंतरच्या आवृत्त्या शेजारी मांडून ओव्यांचे सलग वाचन ठेवले, तर श्रोता घरी जाताना एखाद्या सुभाषितापेक्षा अधिक काही घेऊन जाईल.

दुसरी गोष्ट जुन्या वृत्तपत्रांची आणि मासिकांची. आपल्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, जुना कागद फार टिकत नाही. घडीवर तुटतो, कसर लागते, बांधणीच्या आत बुरशी धरते. फोंडा, डिचोली, पेडणे भागातील कितीतरी घरांत आजोबांच्या काळातील मराठी अंक, कीर्तनाच्या वह्या, मोडीतील दस्तऐवज माळ्यावर पडून असतील. वर्षातून एकदा लोकांना हे कागद ग्रंथालयात आणायला सांगावे, तिथेच त्यांचे स्कॅनिंग करून मूळ प्रत मालकाला परत द्यावी आणि त्याच दिवशी मोडी वाचनाचा वर्ग घ्यावा. लोक मूळ कागद द्यायला कचरतात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. म्हणून परत देण्याची हमी पहिल्याच निमंत्रणात असावी.

शेवटची सूचना कृष्णदास शामांच्या काळातील साहित्याविषयी. पोर्तुगालमधील ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयात गोव्यातील सोळाव्या-सतराव्या शतकांतील मराठी-कोंकणी साहित्याची रोमन लिपीत उतरवलेली हस्तलिखिते जपलेली आहेत. ती मराठीची की कोंकणीची, हा वाद विद्वानांनी सावकाश घालावा. राज्य सरकारने त्या हस्तलिखितांच्या उत्तम डिजिटल प्रती रीतसर मागवून त्या पाटोच्या इमारतीत सर्वांना पाहण्यासाठी खुल्या कराव्यात. परदेशी संस्थेशी असा पत्रव्यवहार पूर्ण व्हायला वेळ लागतो; तेव्हा समारंभाची समिती नेमण्याआधी हे पत्र रवाना झालेले बरे.

– एक वाचक, म्हापसा