‘घरबसल्या काम’वाल्यांचा पत्ताही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या गेल्या रविवारच्या अंकात छोट्या जाहिरातींच्या पानावर ‘घरबसल्या काम’ या मथळ्याखाली अकरा जाहिराती होत्या. मी मोजल्या. त्यांतल्या सात जाहिरातींत मोबाइल नंबराखेरीज काहीही नाही. ना कंपनीचे नाव, ना गाव. दोन महिन्यांपूर्वी अशाच एका जाहिरातीने आमच्या गल्लीत जे केले, ते कळवण्यासाठी हे पत्र.

सोलापूरच्या पूर्व भागात माझे झेरॉक्स आणि टायपिंगचे दुकान आहे. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी मोबाइल पुढे करत म्हणाली, “काका, ह्याची कलर प्रिंट पाहिजे. पप्पांना कसं सांगू कळंना.” पीडीएफ उघडली. वर अशोकस्तंभ, मधे ‘लीगल नोटीस’, खाली वकिलाचा लाल गोल शिक्का आणि शिक्क्याशेजारी यूपीआयचा क्यूआर कोड. चोवीस तासांत ५,८०० रुपये भरा, नाहीतर अटक वॉरंट. वकिलांच्या नोटिसा छापण्यात माझी निम्मी हयात गेली, पण क्यूआर कोडवाली नोटीस मी पहिल्यांदाच पाहिली.

प्रिंट काढली नाही. तिला स्टुलावर बसवले आणि पहिल्यापासून सांगायला लावले.

काम होते फॉर्म भरण्याचे. सहा दिवसांत १,२०० फॉर्म, नव्वद टक्के अचूकता, हातात १८,००० रुपये. मुलाखत सगळी व्हॉट्सअॅपवर, टाइप करून. मग आधार, पॅन, फोटो आणि सही मागवून घेतली आणि त्याच सहीचा ‘अॅग्रीमेंट’ तयार होऊन आला. फॉर्मच्या प्रतिमा इतक्या पुसट, की शून्य कुठला आणि इंग्रजी ओ कुठला, हे मलाही भिंग लावून कळेना. तरी पोरीने रात्री जागून ११४० भरले. सहाव्या दिवशी लॉगिन बंद. सातव्या दिवशी निकाल: अचूकता ८४ टक्के, करार मोडला, एनओसीचे, म्हणजे ना-हरकत दाखल्याचे, पैसे भरा. कुठले फॉर्म चुकले, ते दाखवा म्हटले तर ‘सिस्टीम जनरेटेड आहे मॅडम’.

आम्ही दोघांनी मग तासभर जे केले, ते कुणालाही फुकटात करता येते. ऑफर लेटरच्या तळाशी सीआयएन होता. हा कंपनीचा नोंदणी क्रमांक, एकवीस अक्षर-आकड्यांचा, आणि तो वाचता येतो. पहिले अक्षर कंपनी शेअर बाजारात आहे की नाही ते सांगते, पुढचे पाच आकडे धंद्याचा प्रकार, मग राज्याची दोन अक्षरे, मग नोंदणीचे साल. पत्रावर पत्ता पुण्याचा आणि ‘पंधरा वर्षांचा अनुभव’. क्रमांकात राज्य जीजे आणि साल २०२१. आता गुजरातेत नोंदलेली कंपनी पुण्यात ऑफिस थाटू शकते, त्यात गैर काही नाही. पण कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला, तर तिथे नावच निराळे निघाले, रसायनांचा व्यापार करणाऱ्या एका कंपनीचे. त्या बिचाऱ्यांना पत्ताही नसणार. खात्री म्हणून त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा लँडलाइन शोधून फोन लावला. पत्रावरचा नंबर मुद्दाम लावला नाही. भामट्यालाच विचारायचे, तू भामटा आहेस का? पलीकडच्या बाई हसल्या. म्हणाल्या, या महिन्यातला तुमचा तिसरा फोन.

ऑफरसोबत एक ‘सरकारी प्रमाणपत्र’ही होते, लहान उद्योगांच्या ‘उद्यम’ नोंदणीचे. त्यावरचा तिरंगा बघून पोरीला विश्वास बसला होता. संपादक महोदय, ही प्रमाणपत्रे मी स्वतः दुकानात काढून देतो. आधार, पॅन आणि ओटीपी असला की स्वतःच्या घोषणेवर ते मिळते, सरकार त्याचे पैसेही घेत नाही. आमच्या गल्लीतल्या शेंगाचटणीवाल्या मावशींकडेही आहे. त्यावरून धंदा नोंदवला आहे एवढे कळते, नोकरी खरी आहे हे कळत नाही.

करार १०० रुपयांच्या मुद्रांकावर, महाराष्ट्राचा, तारीख यंदाची. आपल्या राज्यात ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या जागी किमान पाचशेचा मुद्रांक लागतो, हे माझ्या धंद्यातल्या माणसाला झोपेतही आठवते. मुद्रांकाच्या मागच्या बाजूचा फोटो मागितला असता, म्हणजे कुणी, कधी, कुणाच्या नावे घेतला ते कळले असते. मागितलाच नव्हता. शेजारच्या वकीलसाहेबांना दाखवले. ते म्हणाले, करार मोडणे ही दिवाणी बाब आहे, त्यासाठी अटक वॉरंट निघत नाही, आणि वॉरंट काढणे वकिलाच्या हातात तर नसतेच. शिवाय १८७२च्या करार कायद्यात दंड समोरचा म्हणेल तेवढा होत नाही, वाजवी भरपाई किती ते कोर्ट ठरवते. एवढे ऐकल्यावर पोरीने पहिल्यांदा पाणी प्यायले.

पैसे गेलेले नव्हते, तरी सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार नोंदवली, कारण आधार आणि सही त्यांच्याकडे गेली आहे. पैसे गेले असते तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. तिथे घाई महत्त्वाची, रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आली तर येते. धमकीचे फोन आठवडाभर आले, मग आपोआप थांबले.

टेलिग्रामवरचा प्रकार तर याहून वाईट. व्हिडिओ लाइक करा, हॉटेलला रेटिंग द्या, आणि पहिले दीडदोनशे रुपये खरोखर खात्यात येतात. मग ‘प्रीपेड टास्क’ सुरू होतो, म्हणजे पुढचे काम मिळवायला आधी तुम्हीच पैसे भरायचे. अशा अर्धवेळ कामाच्या फसवणुकीत गुंतलेली शंभराहून जास्त संकेतस्थळे केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये बंद केली, पण नवीन उघडायला कितीसा वेळ लागतो? माझ्या एका गिऱ्हाइकाला मिळालेले ते दोनशे रुपये दुसऱ्याच कुणा फसलेल्या माणसाचे निघाले. याचे खाते बँकेने गोठवले, आणि हा महिनाभर पगारासाठी चकरा मारत होता.

लोक म्हणतात, घरबसल्या काम म्हणजेच फसवणूक. हे मात्र मला पटत नाही. माझी आई एकतीस वर्षे घरीच विड्या वळत होती, आणि अख्ख्या पूर्व भागात घरोघरी तेच. कारखान्यातून तेंदूपाने आणि तंबाखू मोजून मिळायचा, दुसऱ्या दिवशी विड्या घेऊन जायचे, हजारामागे मजुरी. कार्डावर नोंद व्हायची, भविष्यनिर्वाह निधीचा नंबर होता. तेव्हाच्या १९६६च्या विडी कामगार कायद्यात घरी काम करणारीही कामगारच धरली जायची. सगळे गोड होते असे नाही. पाने सडकी निघाली तर पदरचे पैसे घालून आणावी लागत. तपासणारा चांगल्या विड्याही मुठीने बाजूला काढायचा. पण त्या नाकारलेल्या विड्या आईच्या डोळ्यांपुढे असायच्या, तपासणाऱ्याचे नाव तिला माहीत होते, आणि तेलुगू-मराठीत दोन्हीकडून ती त्याच्याशी भांडायची. मुख्य म्हणजे माल आधी मालक द्यायचा. काम मिळावे म्हणून आईने त्याला कधी रुपया दिला नाही.

त्या मुलीचे ११४० फॉर्म कुणी तपासले, कुठे बसून तपासले, हे तिला आजही माहीत नाही.

म्हणून आपल्याकडे एकच मागणे आहे. जाहिरातींच्या पानाच्या तळाशी आपण बारीक अक्षरात छापता, की वाचकांनी स्वतः खात्री करावी. ती ओळ वाचायलाही भिंग लागते, आणि नुसता मोबाइल नंबर दिला तर वाचकाने खात्री कशाची करायची? ‘घरबसल्या काम’ या सदरातली जाहिरात घेताना कंपनीचे पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक आणि पत्ता मागून घ्या आणि ते सगळे जाहिरातीत छापा. दोन ओळी वाढतील, त्याचे पैसे जाहिरातदाराकडून घ्या. जो देणार नाही, त्याची जाहिरात नको. अकरातल्या किती उरतात, ते पुढच्या रविवारी मी मोजीन.

कळावे,
आपला वाचक,
एक झेरॉक्स दुकानदार, पूर्व भाग, सोलापूर
(त्या मुलीची ओळख पटू नये म्हणून माझे नाव छापू नये, ही विनंती.)