आकाशाचे फोटो उगाच लालेलाल नकोत

संपादक महोदय,
हल्ली पेपरात मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचे (वायू-धुळीच्या चमकत्या ढगाचे) फोटो येतात ते बघून खरंच भारी वाटतं, पण बरेचदा अख्खं आकाशच गुलाबी असतं आणि लोकांना वाटतं वर तसंच असतं. नेहमीच्या डीएसएलआरमध्ये सेन्सरपुढे एक फिल्टर असतो, तो तेजोमेघातल्या हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश बराचसा अडवतो, म्हणून हौशी लोक तो काढून किंवा बदलून घेतात, मग तेजोमेघ मस्त येतात पण सगळ्या फोटोवरच लाल झाक चढते. कस्टम व्हाइट बॅलन्सने (कॅमेऱ्यात पांढरा रंग स्वतः ठरवून देण्याने) काम भागतं, पण थोडंच. आधी शहराच्या दिव्यांचा ग्रेडियंट (फोटोत एका बाजूला जास्त पसरलेला उजेड) काढा, मग स्ट्रेच करायच्या (फोटोतला अंधुक भाग उजळायच्या) आधी सिरिलसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये फोटोमेट्रिक कलर कॅलिब्रेशन करा, त्यात फोटोतल्या ताऱ्यांचे रंग कॅटलॉगशी ताडून बघतात. नुसता लाल स्लायडर खाली ओढू नका प्लीज, तेजोमेघाचाच लाल जातो आणि त्यासाठीच तर कॅमेरा उघडला होता ना! मृगातले दोन ठळक तारे, काक्षी तांबूस आणि राजन्य निळसर दिसला की समजा रंग जमले.

आणि तुम्हाला विनंती, फोटोखाली कॅमेरा मॉडिफाइड आहे का तेवढं छापत जा.

– एक आकाशप्रेमी वाचक, पुणे