नुसते डोकावणे गुन्हा आहे का?

महोदय,
दुसऱ्याच्या संगणकात जाणूनबुजून, परवानगीवाचून शिरणे एवढेच ब्रिटनच्या १९९० च्या कायद्यात गुन्ह्याला पुरते. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात (२०००) मात्र तेच कृत्य कलम ४३ खाली निव्वळ नुकसानभरपाईचे. ते ‘अप्रामाणिकपणे किंवा कपटाने’ केले असेल तरच कलम ६६ लागते : तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मेख इथेच आहे. सहकाऱ्याच्या पासवर्डने त्याचे मेल कुतूहलापोटी वाचणारा या फटीतून निसटू शकतो. म्हणून तक्रारीत ‘खाते हॅक झाले’ एवढ्यावर थांबू नये; लॉगिनची तारीख-वेळ, आयपी पत्ता (इंटरनेटला जोडलेल्या यंत्राचा ओळख-क्रमांक) आणि मुख्य म्हणजे, अप्रामाणिक हेतू दिसावा म्हणून, कोणाचा काय गैरलाभ झाला, आपले काय गेले, हे लिहावे. तपास हा पोलीस निरीक्षकाने किंवा त्यावरील अधिकाऱ्यानेच करायचा असतो (कलम ७८). हवालदाराला कागद देऊन निर्धास्त होऊ नये.

– एक वाचक