तळमजल्यावरच्या काकूंबद्दल

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार.

तू मोबाइलवर एवढं मोठं लिहिलंस, त्याचं उत्तर तिथं बोटांनी टाइप करणं माझ्यानं व्हायचं नाही. म्हणून पत्रच लिहितेय.

पुतण्या बाहेरून कुलूप लावून कामावर जातो, काकूंचा फोन कधीचा 'बिघडलेला', एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात, आणि नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत नेलं तेव्हाच काय त्या सोसायटीला दिसल्या. एवढं सगळं लिहून वर विचारतेस, "खात्री नाही गं, उगाच दुसऱ्याच्या घरात कशाला तोंड घालू?" अगं, खात्री करणं तुझं काम नाहीच. शंका आली की कळवायचं. खरंखोटं बघायला माणसं नेमलेली आहेत. प्रांत कचेरीत असताना असे अर्ज माझ्या टेबलावरून जायचे. चौकशीला गेलं की शेजारी हमखास म्हणायचे, "आम्हाला वाटतच होतं." फार राग यायचा मला त्या वाक्याचा.

दंडावरच्या काळ्यानिळ्या डागांवर मात्र एवढ्यात जाऊ नकोस. म्हातारपणी कातडी पातळ होते. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर नुसतं धरून उठवलं तरी डाग पडतो. ते डॉक्टर ठरवतील. मला घोर लागला तो खिडकीतून येणाऱ्या वासाचा, आणि कूस बदलताना त्या कण्हतात म्हणालीस त्याचा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला वेळच्या वेळी वळवलं नाही, ओलं बदललं नाही, की पाठीला, माकडहाडाला जखमा होतात. त्या चिघळल्या तर जिवावर बेततं. हे थांबायचं प्रकरण नाही.

तो कामावर गेला की खिडकीशी जा. त्याच्यासमोर विचारलंस तर "मला काही कमी नाही हो" एवढंच ऐकशील. जेवण कोण देतं, गोळ्या कोण देतं, कुठल्या कागदावर सही-अंगठा घेतलाय का, हे विचार. आणि मुख्य म्हणजे, तुम्हाला काय हवंय, हेही. पोराला आत टाका, असं म्हणणारी म्हातारी मी क्वचितच पाहिली. त्यांना हवी असते घराची किल्ली, स्वतःचं पासबुक, आणि बहिणीला फोन करायची मुभा. काकू सांगतील ते त्यांच्याच शब्दांत तारखेसह वहीत लिहून ठेव.

मग 14567 ला फोन कर. ज्येष्ठांसाठीची ही हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालते, आणि शेजाऱ्यानं केलेला फोनही चालतो. नाव बाहेर जाऊ नये असं वाटत असेल तर सुरुवातीलाच सांग. पण आत कुणी पडल्याचा आवाज आला, मारहाण ऐकू आली, किंवा हाका मारून उत्तर येईना, तर थेट 112. बाहेरून कुलूप आहे, हे आधी सांगायचं.

'आपल्यावरच उलटलं तर' या भीतीचं म्हणशील, तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात चौथं कलम त्यासाठीच आहे. छळाची शंका असलेली कुणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी कसलीच जबाबदारी येत नाही. म्हातारीचा छळही यात बसतो, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं.

तुमचे सेक्रेटरी म्हणाले ना, "मुलगा थोडाच आहे, पुतण्याला काय बंधन?" त्यांना सांग, ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यात मूलबाळ नसलेल्यांचाही विचार केलाय. ज्या वारस नातेवाइकाच्या ताब्यात त्यांची मालमत्ता आहे किंवा पुढे जाणार आहे, त्याच्यावर सांभाळाची जबाबदारी येते. अर्ज प्रांतांपुढच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. तो काकूंनी स्वतः, किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या माणसानं. न्यायाधिकरण आपणहूनही दखल घेऊ शकतं. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल लावायचा असतो, फार तर 30 दिवस वाढवून. कायद्यात निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा महिना 10,000 रुपये आहे. आजच्या औषधांच्या बिलापुढे ती अगदीच तोकडी, पण आदेश निघाला की घरातली वागणूक बदलते, हे मी पाहिलंय.

फ्लॅटचं बक्षीसपत्र करून घेतलं असेल तर मात्र कागद नीट बघावा लागेल. सांभाळायच्या अटीवर दिलेलं घर, अट मोडली तर 23 व्या कलमाखाली परत मिळू शकतं. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मध्य प्रदेशातल्या एका आईचं बक्षीसपत्र असंच रद्द ठरवलं. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं.

एक कर, सोसायटीच्या ग्रुपवर अवाक्षर टाकू नकोस. बोभाटा झाला की तो सावध होईल, काकूंना रातोरात दुसरीकडे हलवेल, आणि मग शोधत बसावं लागेल.

आणि हो, कदाचित पुतण्या दुष्ट नसेलही. नोकरी करून एकट्यानं अंथरुणातलं माणूस काढणं भल्याभल्यांना जमत नाही. तसं असेल तर त्यालाही मदत लागेल, कुणी दिवसाची बाई शोधून देईल. पण म्हणून फोन पुढे ढकलू नकोस. वास येतोय, सुनंदा.

काकूंशी बोललीस की मला कळव. अर्जाचा मसुदा लागला तर वहीतल्या पानांचे फोटो पाठव, मी लिहून देते. दाजींना नमस्कार.

तुझी,
शैला