ढगात शिरण्यापूर्वीची आकडेमोड

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लहान खासगी विमानात टॅबलेटवर नकाशा दिसू लागल्यापासून उपकरणांच्या आधारे होणाऱ्या उड्डाणाचे नियोजन अनावश्यक झाले, असा समज पुण्यातील काही नवशिक्या वैमानिकांत आढळतो, म्हणून हे पत्र. पडद्यावरची रेषा वाट दाखवते; त्या वाटेवर किती उंच राहायचे, हे आपणच ठरवायचे असते. लोहगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ५९० मीटरवर आहे, तर नैर्ऋत्येचा तोरणा १,४०० मीटरवर, आणि आषाढात त्याचा माथा ढगात बुडालेला. अशा डोंगराळ भागात सर्वोच्च अडथळ्यापेक्षा किमान २,००० फूट वर राहण्याचा दंडक आहे. पण हवेच्या दाबाचा आकडा दहा हेक्टोपास्कलने चुकीचा लावला, तर उंचीमापक जवळपास ३०० फुटांनी खोटे बोलतो आणि ढगात ते खोटे पकडायला डोळे उपयोगी पडत नाहीत.

कानाच्या आतल्या तोलाच्या जाणिवेवर तर विसंबूच नये; हळूहळू वळणारे विमान तिला सरळच भासते.

मी आजही मांडीवर बांधलेल्या कागदावर पेन्सिलीने वारा, दिशा आणि वेळ मांडतो (तरुण सहकारी हसतात, हसोत). दिशा एका अंशाने चुकली, तर साठ सागरी मैलांवर विमान एक मैल बाजूला गेलेले असते. इंधनाचा हिशेबही तसाच: मुक्कामापर्यंत, तिथून पर्यायी विमानतळापर्यंत आणि त्यावर ४५ मिनिटांचे. स्थानिक प्रशिक्षण संस्थांनी ही आकडेमोड विद्यार्थ्यांकडून हाताने करून घ्यावी, ही विनंती.

आपला,
एक खासगी वैमानिक, पुणे