दुहेरीचा खेळाडू हा दुय्यम खेळाडू नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रोहन बोपण्णा यांनी १ नोव्हेंबर २०२५ रोजी व्यावसायिक टेनिसमधून निवृत्ती जाहीर केल्यानंतर आपल्या वाचकांच्या पत्रांच्या सदरात त्यांच्याविषयी जी पत्रे आली, त्यांतील एका पत्राचा सूर मला खटकला. एकेरीत टिकाव लागला नाही म्हणून दुहेरीकडे वळलेला, पण चिकाटीने नाव कमावलेला खेळाडू, असे त्यांचे वर्णन पत्रलेखकाने केले आहे. हेतू कौतुकाचाच आहे, हे उघड आहे. तरीही दुहेरी म्हणजे एकेरीतून गळालेल्यांची सोय, हा जो समज त्या कौतुकाच्या मागे उभा आहे, तो आपल्याकडे इतका मुरलेला आहे की त्याचा प्रतिवाद करणे आवश्यक वाटते. म्हणून हा पत्रप्रपंच.

बोपण्णा यांचा एकेरीतील सर्वोत्तम क्रमांक २१३ होता आणि तो २००७ सालचा, हे खरेच आहे. त्या क्रमांकावर ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत थेट प्रवेश मिळत नाही आणि प्रवासाचा खर्चही धड भागत नाही. परंतु त्यानंतरची अठरा वर्षे त्यांनी जे केले, त्याला केवळ चिकाटी म्हणून मोकळे होणे हा अन्याय आहे. २०१० मध्ये पाकिस्तानच्या ऐसाम उल हक कुरेशी यांच्यासह ते अमेरिकन ओपनच्या अंतिम फेरीत पोहोचले आणि अमेरिकेच्या ब्रायन बंधूंकडून दोन्ही सेट टायब्रेकरमध्ये, म्हणजे ६-६ अशा बरोबरीनंतरच्या निर्णायक गेममध्ये, गमावून परतले. पहिले ग्रँड स्लॅम विजेतेपद त्यांना २०१७ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, गॅब्रिएला डाब्रोव्स्की यांच्या साथीने फ्रेंच ओपनच्या मिश्र दुहेरीत मिळाले. २०२१ च्या सुरुवातीला सलग सामने हरत असताना खेळ सोडण्याचा विचार मनात आला होता, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. गुडघ्यांतील कूर्चा झिजलेली असताना त्यांनी अय्यंगार पद्धतीच्या योगासनांचा आधार घेतला (ही पद्धत आपल्या पुण्यात घडली, हे जाता जाता नोंदवायला हरकत नाही) आणि जानेवारी २०२४ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, मॅथ्यू एब्डन यांच्यासह ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून ते दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानी पोहोचले. एवढ्या वयात प्रथमच अव्वल स्थान मिळवणारा दुसरा खेळाडू पुरुष टेनिसमध्ये झालेला नाही.

त्रेचाळिसाव्या वर्षी हे शक्य झाले, याचा अर्थ दुहेरी सोपी आहे असा काढला जातो. धावपळ एकेरीपेक्षा कमी असते, हे कोणीही नाकारणार नाही. पण कमी धावावे लागते म्हणून कमी कौशल्य लागते, असे होत नाही. कबड्डीत चढाईपटू मोठा की कोपरारक्षक, असा प्रश्न आपण विचारत नाही, कारण दोघांची कामे वेगळी आहेत हे आपल्याला लहानपणापासून दिसत आलेले असते. टेनिसमधील हा फरक दिसत नाही, याचे कारण आपण दुहेरीचा सामना दूरचित्रवाणीवर बेसलाइनच्या (कोर्टाच्या मागच्या रेषेच्या) मागून, चेंडूवर नजर ठेवून पाहतो. खेळ मात्र चेंडू नसलेल्या खेळाडूच्या हालचालींवर उभा असतो.

ब्रेबॉर्न स्टेडियममध्ये, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टांवर, महिलांची मुंबई ओपन स्पर्धा झाली तेव्हा बाजूच्या एका कोर्टावरील दुहेरीचा सामना मला अगदी जवळून पाहता आला. सर्व्हिस करणाऱ्या मुलीची जोडीदार नेटजवळ पाठमोरी उभी होती आणि प्रत्येक गुणाआधी डावा हात पाठीमागे नेऊन बोटांनी खूण करत होती. मूठ मिटली की ती जागेवर थांबायची, पंजा उघडला की सर्व्हिस पडताक्षणी आडवी धाव घेऊन रिटर्न, म्हणजे सर्व्हिसचा परतीचा फटका, मध्येच अडवायची. कधी ती मधल्या रेषेवरच गुडघे टेकल्यासारखी खाली वाकून बसायची, ज्याला आय फॉर्मेशन म्हणतात, आणि सर्व्हिस तिच्या डोक्यावरून गेल्यावर डावीकडे की उजवीकडे झेपावणार, हे समोरच्या खेळाडूला शेवटपर्यंत कळत नसे. दोन गुणांच्या मध्ये दोघी चेंडू तोंडापुढे धरून कुजबुजत होत्या. त्या अर्ध्या मिनिटात सर्व्हिस कुठे टाकायची, ती टाकल्यावर कोणती जागा कोणी सांभाळायची आणि लॉब (डोक्यावरून जाणारा उंच फटका) आला तर मागे कोणी जायचे, हे सारे ठरत होते. प्रेक्षक विरळ होते. पण जे होते ते चेंडूपेक्षा तिच्या पाठीमागच्या हाताकडे पाहत होते.

दुहेरीचे कोर्ट एकेरीच्या २७ फुटांऐवजी ३६ फूट रुंद असते. दोन्ही बाजूंना साडेचार फुटांची पट्टी वाढते, पण खेळाडू दुप्पट झाल्याने मोकळी जागा प्रत्यक्षात घटते. एकेरीत जो उंच, खोल फटका खेळाडूला सावरायला वेळ मिळवून देतो, तोच फटका दुहेरीत नेटजवळ उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या रॅकेटवर आयता जाऊन पडतो. म्हणून रिटर्न खाली, सर्व्हिस करून पुढे येणाऱ्याच्या पायांत मारावा लागतो. त्यातच एटीपी या पुरुषांच्या व्यावसायिक संघटनेच्या स्पर्धांमध्ये २००६ पासून ड्यूस (४०-४० अशी बरोबरी) झाल्यावर एकाच गुणावर गेमचा निकाल लागतो, रिटर्न कोणत्या बाजूने घ्यायचा हे घेणारी जोडी ठरवते आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेकर होतो. ग्रँड स्लॅम स्पर्धांनी ही निर्णायक गुणाची पद्धत पुरुष आणि महिला दुहेरीत स्वीकारलेली नाही, पण वर्षभराची क्रमवारी जिथे घडते तिथे ती आहे. तासाभराचा चांगला खेळ अशा दोन-तीन गुणांवर वाहून जाऊ शकतो. हांगझोऊ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत बोपण्णा आणि आपल्या महाराष्ट्राची ऋतुजा भोसले यांनी मिश्र दुहेरीचा अंतिम सामना पहिला सेट २-६ असा गमावूनही ६-३, १०-४ असा जिंकला, तो याच पद्धतीत.

खेळाइतकीच या कारकिर्दीची व्यावहारिक बाजूही बिकट आहे. क्रमवारीचे गुण प्रत्येकाच्या नावावर स्वतंत्र जमा होतात, पण स्पर्धेत प्रवेश मिळतो तो दोघांच्या क्रमांकांच्या बेरजेवर. जोडीदार जायबंदी झाला, एकेरीला प्राधान्य देऊन त्याने माघार घेतली किंवा त्याला दुसरा जोडीदार बरा वाटला, की तुमचा स्वतःचा खेळ उत्तम असूनही पुढच्या आठवड्याचे दार बंद होऊ शकते. बक्षिसाची रक्कम तर सरळच बोलते. २०२५ च्या विम्बल्डनमध्ये एकेरीच्या विजेत्याला ३० लाख पौंड होते आणि दुहेरीच्या विजेत्या जोडीला मिळून ६ लाख ८० हजार. म्हणजे एकाच्या वाट्याला एकेरीच्या सुमारे नववा हिस्सा. त्यातून प्रशिक्षक, फिजिओ आणि वर्षभराचे विमानप्रवास. विम्बल्डनच्या विजेत्यांची ही गत, तर खालच्या दर्जाच्या चॅलेंजर स्पर्धांमध्ये फिरणाऱ्यांचे काय होत असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

एकेरीचे खेळाडू मनावर घेतील तेव्हा दुहेरीवाल्यांना सहज हरवतील, असेही नेहमी ऐकू येते. निक किर्गिओस आणि थानासी कोकिनाकिस यांनी २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचे दुहेरीचे विजेतेपद पटकावले होते, तेव्हा या म्हणण्यात काहीच तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. पण याची रीतसर परीक्षाच २०२५ च्या अमेरिकन ओपनने घेतली. मिश्र दुहेरीची स्पर्धा मुख्य स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात दोन दिवसांत उरकण्यात आली, सोळापैकी आठ जोड्या एकेरीच्या क्रमवारीवर निवडल्या गेल्या, उरलेल्या आठ जागा आयोजकांनी आपल्या मर्जीने वाटल्या, पहिले बक्षीस दहा लाख डॉलर ठेवले आणि दुहेरीवर पोट असलेले बहुतेक खेळाडू बाहेर राहिले. सारा एरानी आणि आंद्रेआ वावासोरी हे आदल्या वर्षीचे इटालियन विजेते मात्र आत आले आणि अंतिम फेरीत त्यांनी इगा श्वियाँतेक आणि कॅस्पर रूड या बड्या नावांना हरवले. हाच वावासोरी २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम फेरीत बोपण्णा-एब्डन जोडीविरुद्ध पराभूत बाजूला होता. प्रेक्षक मोठ्या संख्येने आले, हे आयोजकांचे म्हणणे मला मान्य आहे. ते बड्या नावांसाठी आले आणि दुहेरी पाहून गेले; मग तीच गर्दी इतर वेळी मुख्य कोर्टावर दुहेरीचे सामने ठेवून का मिळवता येऊ नये, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही.

भारताने तरी या प्रकाराला दुय्यम म्हणू नये. देशाचे पहिले ग्रँड स्लॅम विजेतेपद महेश भूपती यांनी १९९७ मध्ये रिका हिराकी यांच्यासह फ्रेंच ओपनच्या मिश्र दुहेरीत मिळवले. १९९९ मध्ये लिअँडर पेस आणि भूपती चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत होते. मुंबईत जन्मलेल्या सानिया मिर्झा एकेरीत सत्ताविसाव्या क्रमांकापर्यंत पोहोचल्या होत्या; दुखापतींनंतर त्यांनी एकेरी सोडली आणि २०१५ मध्ये दुहेरीत जगात पहिल्या झाल्या. मार्टिना हिंगिस यांच्यासह त्यांनी सलग ४१ सामने जिंकले. आणि महाराष्ट्रापुरते बोलायचे तर १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत पेस यांच्यासह पुरुष दुहेरीचे सुवर्ण जिंकणारे गौरव नाटेकर आपल्याच राज्याचे, बॅडमिंटनपटू नंदू नाटेकरांचे चिरंजीव. बार्शीच्या प्रार्थना ठोंबरे यांनी २०१४ मध्ये इंचॉनला सानियासह कांस्य मिळवले. एवढे असूनही राज्यातील किती क्रीडारसिकांना ही नावे चटकन आठवतील, याबद्दल मला शंका आहे.

गंमत अशी की मुंबईत हौशी टेनिस जवळजवळ सगळे दुहेरीचेच असते. जिमखान्यांत कोर्टे मोजकी आणि सभासद उदंड, त्यामुळे संध्याकाळी चौघे जमले की कोर्ट मिळते. दोघांनीच तासभर अडवून ठेवले तर बाकावर बसलेले ज्येष्ठ सभासद घड्याळ दाखवू लागतात आणि चौथा कमी पडला तर मार्करला (सभासदांसोबत खेळणाऱ्या क्लबच्या नोकराला) उभे केले जाते. हीच मंडळी आपल्या मुलाला मात्र सांगतात की, दुहेरीत वेळ घालवू नकोस. माझी पुतणी सोळा वर्षांखालील गटात खेळते, त्यामुळे कनिष्ठ स्पर्धांमध्ये काय चालते ते मी पाहतो. एकेरीत हरलेली मुले संध्याकाळची परतीची गाडी गाठण्यासाठी दुहेरीचा सामना सोडून देतात आणि पालक त्यात काही गैर मानत नाहीत. त्यांचा हिशेबही अगदीच चुकीचा नाही, कारण आंतरराष्ट्रीय कनिष्ठ क्रमवारीतच दुहेरीच्या गुणांना चतुर्थांश किंमत आहे. चौदाव्या वर्षी एकेरी सोडून द्यावी, असे मीही कोणाला सांगणार नाही. सर्व्हिस, रिटर्न आणि तंदुरुस्ती तिथेच घडते. पण व्हॉलीचा (टप्पा पडण्याआधी मारायच्या फटक्याचा) सराव आठवड्यातून एकदा, तोही वेळ उरला तर, असा चालत असेल तर वीस-बाविसाव्या वर्षी एकेरीचे दार बंद झाल्यावर दुहेरीकडे वळण्याइतकी पुंजीच मुलांपाशी राहत नाही. युकी भांब्री यांनी दुखापतींनी ग्रासलेली एकेरीची कारकीर्द मागे ठेवून दुहेरीत पाय रोवले आणि २०२५ मध्ये मायकेल व्हीनस यांच्यासह अमेरिकन ओपनची उपांत्य फेरी गाठली. ते शक्य झाले, कारण नेटजवळचे हात आधीपासून तयार होते.

आपल्या क्रीडा पानाकडून माझी अपेक्षा माफक आहे. भारतीय खेळाडू दुहेरीत खेळतो तेव्हा ‘बोपण्णाची जोडी पराभूत’ किंवा ‘युकीची आगेकूच’ एवढ्यावर बातमी संपते. साथीदाराचे नाव नसते, प्रतिस्पर्धी कोण ते नसते, कित्येकदा गुणही नसतात. दोन्ही जोड्यांची पूर्ण नावे आणि सेटनिहाय गुण छापायला दोन ओळी लागतात. राज्यात टेनिसची स्पर्धा असेल तेव्हा आपल्या प्रतिनिधीने किमान एक दुहेरीचा सामना कोर्टाशेजारी बसून पाहावा आणि त्यावर लिहावे, अशी विनंती आहे.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक
विलेपार्ले (पूर्व), मुंबई